लग्नाआधी देव चांगला ठरवायचा होता

तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाला सत्य शोधावं लागतं असा लोकांचा समज आहे. सत्याचं नंतर बघता येतं, आधी विद्यार्थी शोधावे लागतात. अर्धापूर तालुक्यातल्या एका आर्ट्‌स कॉलेजात मी सव्वीस वर्षं हा विषय शिकवला आणि त्यातले सव्वीस जून महिने गावोगाव फिरण्यात घालवले. पहिल्या वर्षाला वीस मुलं आली तर विषय चालणार, एकोणीस आली तर विषय बंद आणि मॅडम घरी, असा आमच्याकडचा खाक्या होता. इतिहास, राज्यशास्त्रवाल्यांकडे मुलं आपण होऊन जातात. आमच्याकडे ती धरून आणावी लागतात.

तेव्हा बारावीचा निकाल लागला की मी पर्समध्ये पास झालेल्यांची यादी घालून निघायची. ओसरीवर बसून चहा घ्यायचा, केळीच्या बागेची चौकशी करायची आणि मग हळूच विषय काढायचा. एका गावात एका वडिलांनी मला सरळ विचारलं, "ह्या इषयानं नोकरी लागती का?"

"मला लागली," मी म्हणाले.

"मग झालं की. जागा भरली," ते म्हणाले आणि पोराला भूगोल देऊन मोकळे झाले.

मी शिकवायची त्यात एक प्रकरण होतं, ईश्वराचा चांगुलपणा आणि ईश्वरी योजना. तेही जुन्या ख्रिस्ती तत्त्वज्ञांच्या मते. वर्गात ख्रिस्ती एकही नसायचा, पण मुलांना सगळ्यांत जास्त आवडायचं ते हेच, कारण त्यातला प्रश्न प्रत्येकाच्या घरात होता. देव पूर्ण चांगला आहे आणि त्याला सगळं करता येतं, तर मग जगात इतकं वाईट का घडतं? या प्रश्नावर दीड हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका बिशपांनी डोकं लावलं, नंतर राजाच्या तुरुंगात पडलेल्या एका विद्वानानं लावलं, पुढे इटलीतल्या एका जाडजूड संन्याशानं सगळ्यांचं नीट लावून ठेवलं. त्यांची नावं इथं मुद्दाम देत नाही. उत्तरपत्रिकांतून मुलांनी त्या नावांचं जे केलं ते मी पुरेसं बघितलेलं आहे.

त्या बिशपांचं म्हणणं असं की देवानं वाईट कधी बनवलंच नाही. वाईट ही वस्तूच नाही, चांगल्याचं कमी पडणं म्हणजे वाईट. यावर एका मुलानं परीक्षेत लिहिलं होतं, "वाईट म्हणजे चांगल्याची गैरहजेरी होय. कॉलेजच्या नियमानुसार गैरहजर राहणाऱ्याला परीक्षेला बसता येत नाही, म्हणून शेवटी चांगलंच पास होते." मी त्याला पैकीच्या पैकी दिले. सहकाऱ्यांनी नावं ठेवली, पण सव्वीस वर्षांत इतकं आशादायक उत्तर दुसरं आलं नाही.

आता ज्या वर्षासाठी हे सगळं लिहायला बसले त्या वर्षाकडे येते. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि जूनअखेर माझी गाडी एकोणीसवर अडली. मी लपवत नाही, मला भीती वाटत होती. अशा वेळी प्रवेश घेतलेल्यांतली अर्चना नावाची मुलगी स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक ॲडमिशन आणलं तर चालंल का? वय जरा जास्त हाय."

"किती?"

"छप्पन्न."

तिचे सख्खे थोरले चुलते, बळीराम आबा. बारावी पास, सनद पत्र्याच्या पेटीत जपून ठेवलेली. ते काहून शिकायला निघालेत म्हणून विचारलं तेव्हा अर्चनानं खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. आबा आणि तिचे वडील तात्या, दोघा भावांच्या केळीच्या बागा एका बांधाला लागून. मेच्या शेवटी वादळ झालं, आबांची बाग एका घटकेत आडवी झाली. तात्यांची तशीच उभी राहिली. लोक विचारायला लागले तेव्हा तात्या पारावर बसून म्हणाले, ज्याचं मन साफ त्याची बाग देव राखतो. हे आबांच्या कानावर गेलं आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं.

"पुढल्या वैशाखात माझं लग्न हाय मॅडम. माय आजारी असायची तवा मला आबांनीच सांभाळलं. शाळेत त्यांनीच घातलं. अन् आता म्हणतेत, असा दुजाभाव करणाऱ्या देवाच्या साक्षीनं लागणाऱ्या लग्नात मी अक्षता टाकणार न्हाई. देव चांगला हाय असं कुणी सिद्ध करून द्यावं, मग येतो."

"मग तू काय म्हणालीस?"

"मी म्हणलं, आमच्या कॉलेजात त्याचाच पेपर हाय."

विसावा विद्यार्थी मिळाला होता, पण त्याच्यासोबत एक मुदतही आली होती. दीड हजार वर्षं जे नीट मिटलं नव्हतं ते मला वैशाखाच्या आत मिटवायचं होतं, नाहीतर ही पोरगी आबांशिवाय बोहल्यावर चढणार होती.

आबा पहिल्या दिवशी पांढरा सदरा, टोपी आणि गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र अडकवून आले. पहिल्या बाकावर बसले. मी आत गेल्यावर पोरांबरोबर उभे राहिले, त्यामुळे मलाच उभं राहणं अवघड झालं. मी हजेरी घेतली. विसाव्या नंबराला "हाव" म्हणाले आणि लगेच मुद्द्यावर आले.

"मॅडम, मला बाकीचं नको. देव चांगला हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"आबा, त्याला वर्ष लागेल."

"काहून?"

"अभ्यासक्रम तसाच आहे."

"लागू द्या," ते म्हणाले. "केळीला बी वर्षच लागतं."

आमच्या धंद्यात एक पद्धत असते. मोठा विचार सांगायचा तर मुलांच्या शेजारपाजारची वस्तू उचलायची. लातूरकडे, माझ्या माहेरी शिरूर अनंतपाळला शिकवत असते तर मी तूर आणि सोयाबीन घेतलं असतं. इथं केळी. बिशपांचा विचार सांगताना मी म्हणाले, सड नेहमी केळीला धरूनच असते. नुसती सड, केळी नसलेली, कुणी बाजारातून आणून दाखवावी. तसंच वाईटाचं. ते चांगल्याच्या अंगावर जगतं, त्याला स्वतःचं घर नाही. आबांनी मान हलवली. हे बराबर हाय, म्हणाले. मी खूश होऊन घरी नांदेडला गेले.

दुसऱ्या दिवशी ते वही उघडूनच बसले होते.

"मॅडम, सडल्याचं समजलं. पण माझी बाग सडली न्हाई, पडली. झाड चांगलं होतं. वारं बी चांगलंच म्हणता, देवानंच केलेलं. मग चांगल्या वाऱ्यानं चांगली झाडं पाडली, तर मधी वाईट आलं कुठनं?"

मी पाणी प्याले. मग सांगितलं की इटलीतल्या त्या संन्याशालाही हेच पडलं होतं. सिंहाचं पोट भरायचं तर हरणाचं वाईट होणार, आणि सिंह तर वाईट नाही.

"म्हणजे त्यो बी अडकलाच म्हणा," आबा म्हणाले. त्यांना त्या संन्याशाबद्दल तेव्हापासून आपुलकी वाटायला लागली. पुढे कधीही अडलं की विचारायचे, "जाडे महाराज काय म्हणतेत ह्याच्यावर?"

तुरुंगातल्या विद्वानाचा विचार मी पाण्याच्या टाकीवरून शिकवायची. रस्त्यानं चालणाऱ्याला पुढचं वळणच दिसतं, टाकीवर चढलेल्याला अख्खा रस्ता एकदम दिसतो. देव टाकीवर आहे. त्याला मागचं, आताचं, पुढचं एकाच नजरेत दिसतं, पण दिसतं म्हणून तो कुणाला ढकलत नाही. पोरांना हे पटलं. आबांनी हात वर केला.

"टाकीवरून त्येला वारं येताना दिसलं असंल की. हाळी तरी द्यायची."

पोरं हसली. मीही हसले, पण ते हसणं ओठांवरच राहिलं. इतकी वर्षं ते उदाहरण मी अभिमानानं सांगत आले होते आणि त्यात हाक मारायची सोय मी ठेवलीच नव्हती.

संक्रांतीनंतर माझी खरी फजिती झाली. त्या दिवसाचा मुद्दा, वाईटातूनही देव चांगलं काढतो. मी तयारी करून गेले होते. केळीचं झाड पडलं तरी बुडातून पिल्लं फुटतात, त्यांतूनच पुढची बाग उभी राहते, असं मी चांगलं रंगवून सांगितलं. कुठेतरी ते आबांना लागू पडेल असंही मनात होतं. वर्गातले अर्धे बागायतदारांचे, ते एकमेकांकडे बघायला लागले.

"मॅडम," आबा म्हणाले, "पिलं आम्ही कापतो."

"म्हणजे?"

"कोयत्यानं. फुटली की कापायची. न्हाईतर थोरल्या झाडाला खायला पुरत न्हाई. एकच ठेवायचं, चांगलं जागेवरचं बघून."

मग मला सुचलं आणि मला वाटलं, आज जिंकले.

"बघा आबा, कोणतं ठेवायचं ते तुम्ही ठरवता. का ठरवता ते पिल्लाला कळतं का? त्याला कोयता तेवढा दिसतो. बागेची योजना तुमच्या डोक्यात. देवाचंही तसंच असेल."

आबांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"बराबर हाय," ते म्हणाले. "पण पिल्लू मला इचारत न्हाई. मी इचारून राहिलो."

सव्वीस वर्षांत इतका चांगला आक्षेप मला पुस्तकात भेटला नव्हता. मी तो फळ्यावर लिहिला आणि घंटा व्हायची वाट बघत उभी राहिले. तास सुटल्यावर अर्चना बाहेर थांबली होती. पत्रिका छापायला द्यायच्या आहेत, म्हणाली. आबांचं नाव घालायचं का न घालायचं ते घरात ठरत नव्हतं.

मग मी चिडले, देवावर नाही, स्वतःवर. एका माणसाला गणितासारखं सिद्ध करून देईन अशा आशेवर मी त्याला बाकावर बसवलं होतं आणि त्यामागे माझी नोकरी टिकवायचा स्वार्थ होता. हे मी तेव्हा कुणाला बोलले नाही, आज बोलते.

या प्रकरणाचा एक शेवटचा मुद्दा होता. तो परीक्षेत येत नसे, म्हणून मी नेहमी दहा मिनिटांत उरकायची. त्याही वर्षी उरकला. जाडे महाराज म्हणतात की देव आपला चांगुलपणा सगळा स्वतःच्या हातानं करत नाही. त्याला करता येत नाही म्हणून नव्हे. दुसऱ्यालाही कुणाच्या तरी भल्याचं कारण होता यावं, तो मान त्यालाही मिळावा, म्हणून तो मधे माणसं ठेवतो, झाडं ठेवतो, पाऊसवारा ठेवतो. एवढं सांगून मी खडू ठेवला. अर्चना तेवढं लिहून घेत होती.

फेब्रुवारीत आमच्याकडे पालक मेळावा असतो. त्याला पालक सोडून सगळे येतात. चहा होतो, फोटो होतो, फाईलला लागतो. त्यात मुलांनी निबंध वाचायचे असतात, त्या वर्षी अर्चनाचा नंबर होता. लेक वाचणार म्हणून तात्या धुतलेले कपडे घालून मागच्या खुर्चीवर येऊन बसले. आबा पुढच्या रांगेत विद्यार्थी म्हणून. मधे आठ रांगा रिकाम्या. दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

अर्चना उभी राहिली. सुरुवात पुस्तकी होती, माझ्याच नोट्स. मग तिनं कागद खाली केला.

"देव मधे दुसऱ्याला ठेवून चांगलं करतो असं ते म्हणतात. याचं उदाहरण मी माझ्या घरचं देते. वाटणी झाली तेव्हा आमच्याकडच्या रीतीप्रमाणे वाटे थोरल्यानं पाडले आणि आधी निवडलं धाकट्यानं. माझ्या वडिलांनी पूर्वेचा तुकडा घेतला. पश्चिमेचा थोरल्या आबांना राहिला. आमच्याकडं वादळ पश्चिमेनं येतं. आबांच्या पश्चिमेकडच्या बांधावरची शेवरीची रांग वारं अडवते, त्या दिवशी ती मोडली. मग वारं आबांच्या बागेनं अंगावर घेतलं. आमच्या बागेपर्यंत आलं तेव्हा त्यात जोर उरला नव्हता. माझ्या वडिलांची बाग देवानं राखली हे खरं आहे. आबांच्या बागेला मधे उभं करून राखली."

ती खाली बसली.

मला आधी लाज वाटली. वाऱ्याची दिशा, शेवरी, पुढची बाग, हे त्या सभागृहातल्या प्रत्येक बागायतदाराला ठाऊक होतं. मी एकटी आठ महिने ते कारण पाचव्या शतकात शोधत होते. एकदा बांधावर जाऊन उभी राहिले असते तरी दिसलं असतं.

मग मागून खुर्ची सरकली. तात्या उभे राहिले होते.

"मॅडम, हे बुकात हाय?"

"विचार पुस्तकातला आहे. बाग तुमची."

तात्या माझ्याकडे बघत, पण माझ्याशी नव्हे, असं बोलायला लागले.

"मला ठाऊक होतं. वारं थांबल्यावर मी बांधावर गेलतो. दादाची झाडं माझ्या बांधावर डोकं टेकून पडली होती. घडासकट. मी बघितलं अन् तिथूनच माघारी आलो. दादाकडं गेलो न्हाई. काय तोंडानं जावं. मग पारावर लोकं इचारायला लागली, तवा काहीतरी बोलून गेलो."

आबा वळले नाहीत. समोर फळ्याकडेच बघत म्हणाले, "मी तिथंच होतो. पडल्या झाडांत बसलो होतो. तू आलेला दिसला मला. गेलेला बी दिसला."

त्या दिवशी मला कळलं की वर्षभर मी देवाची बाजू मांडत राहिले आणि आबांचं गाऱ्हाणं देवावर नव्हतंच. बांधापर्यंत येऊन माघारी गेलेल्या माणसाला त्यांना विचारायचं होतं, आणि त्याला विचारता येत नव्हतं म्हणून ते देवाला विचारत होते. मला फार वाईट वाटलं आणि थोडं सुटल्यासारखंही वाटलं.

पण कुणी उठून कुणाच्या गळ्यात पडलं असं काही झालं नाही. तात्या खाली बसले. चहा आला. प्राचार्यांनी आभार मानले. आबा कप ठेवून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, हे खरं असंल तर मला मान दिला म्हणायचा देवानं. पण इचारून द्यायचा होता." आणि बसस्टॅंडकडे निघून गेले. लग्नाला येणार की नाही ते मी विचारलं नाही. अर्चनानं पत्रिकेत त्यांचं नाव घातलं, ते मात्र कुणालाही न विचारता.

परीक्षेत आबांनी तो प्रश्न सोडला. सगळं लिहिलं, चांगुलपणाचा तेवढा कोरा ठेवला. का म्हणून विचारलं तर म्हणाले, ठाऊक नसलेलं लिहायची मला सवय न्हाई. ही सवय बाकीच्या परीक्षार्थींना असती तर पेपर तपासायचं काम किती हलकं झालं असतं.

पुढच्या वर्षी मी निवृत्त झाले. माझी जागा भरली नाही, विषय बंद पडला. आता त्या वर्गात स्पर्धा परीक्षेचे क्लास चालतात. मला त्याचं दुःख आहे, आणि ते टाकीवर चढून बघितलं तरी कमी होत नाही. त्या दहा मिनिटांत उरकलेल्या मुद्द्याला मी दरवर्षी दोन तास दिले असते तर बरं झालं असतं असंही वाटतं.

राहिलं लग्न. वैशाखातली दुपार, मी नांदेडहून बसनं गेले, फाट्यावर उतरून चालत मांडवापाशी आले. मांडवाच्या दाराला केळीचे खांब बांधायचं काम चाललं होतं. दोन उंच झाडं, दोन्हीवर भरलेले घड. एक आबा धरून उभे होते, दुसरं तात्या. आबांच्या हातात सुतळी होती. त्यांनी मला बघितलं आणि मान हलवली.

"ठेवलेल्या पिलांतली हायत," झाडाकडे बोट करून म्हणाले. "दोन बरी आली."

मला गप्प बसवेना. मास्तरकीची सवय. "आबा, सिद्ध तर काही झालं नाही आपलं. देव चांगला आहे म्हणून."

"न्हाई झालं."

"मग तुम्ही आलात कसे?"

आबांनी सुतळीला पीळ दिला. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात वैशाखातलं ते गरम वारं आलं, मांडवाचं कापड फडफडलं आणि तात्यांच्या हातातलं झाड घडाच्या भारानं कलायला लागलं. आबांनी आपलं झाड माझ्या हातात दिलं, मी ते कसंबसं धरलं, आणि ते भावाकडे गेले.

"सरक," ते तात्यांना म्हणाले. "तू आतल्या अंगाला उभा ऱ्हा. वारं इकडून हाय."